बिनशेगडीची खोली

केल्विन गजाधरने लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी बायकोला प्रेशर कुकर दिला आणि तिथून सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

कुकरमध्ये तसा काही दोष नव्हता. सात लिटरचा, जाड बुडाचा, दोन शिट्ट्या जादा दिलेला. गजाधरने चग्वानासच्या बाजारातली तीन दुकानं पालथी घालून तो पसंत केला होता. चूक झाली ती देण्याच्या पद्धतीत. गॅरेजमध्ये पासष्ट पाहुणे जमलेले, भाच्याने भाड्याने आणलेला माइक चालू, आणि गजाधरने जाहीर केलं की आता मी माझ्या सहचारिणीला एक अमूल्य भेट देणार आहे. सहचारिणी त्या वेळी मागच्या अंगणात स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण रांधत होती. पहाटे चारपासून. बदकाची करी, चणे, भोपळा आणि पासष्ट माणसांच्या दालपुऱ्या. तिला हाका मारून बोलावलं, ती पिठाचे हात पुसत आली, खोक्यावरचा कागद फाडला, आणि आत कुकर निघाला.

शेजारच्या मिसेस अलेयन चाळीस वर्षं सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या. त्यांना हळू बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "शेजारी, तीस वर्षं राबवलंत, आणि बक्षीस काय, तर आणखी मोठं भांडं?"

गॅरेज हसलं. नुसतं हसलं नाही, लोकांनी टेबलं बडवली.

गजाधर हा जमीन-नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षांत त्याच्या तोंडावर कोणी हसलं नव्हतं, कारण प्रत्येकाचा काही ना काही कागद त्याच्याकडे अडकलेला असायचा. आता तो निवृत्त होता आणि कागद सगळे सुटले होते. त्याचे कान लाल झाले. त्याने माइक पुन्हा तोंडाशी धरला आणि म्हणाला, "हसू नका! कुकर ही नुसती सुरुवात आहे. ईस्टरला मी रुकमिनला टोबॅगोला नेणार आहे. चार दिवस! आणि त्या चार दिवसांत ती शेगडीचं तोंडसुद्धा बघणार नाही. हा केल्विन गजाधरचा शब्द आहे."

हे वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं, ते आपोआप बाहेर पडलं. रुकमिनने शांतपणे त्याच्या हातातून माइक घेतला. एरवी ती चारचौघांत बोलत नाही.

"सगळ्यांनी ऐकलं ना?" तिने विचारलं.

"ऐकलं!" पासष्ट लोक ओरडले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुरी करपेल म्हणून मागच्या अंगणात पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाधर न्याहारीला बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "मीठ जरा कमी वाटतंय." ही काही तक्रार नव्हे. लोक जेवणाआधी देवाचं नाव घेतात तसं हा माणूस तीस वर्षं पहिल्या घासाला हे वाक्य म्हणत आला आहे. मग चवीने सगळं संपवतो. रुकमिनने नेहमीप्रमाणे मिठाची वाटी पुढे सरकवली.

"काल बोललास ते खरं की रम बोलत होती?" तिने विचारलं.

"खरं म्हणजे? टोबॅगो तुला काय नवीन आहे? पाच वेळा नेलंय मी तुला!"

"नेलंयस ना. स्टोअर बेच्या घरात उजवा बर्नर पेटायचा नाही. क्राउन पॉइंटला ओव्हनचं दार दोरीने बांधावं लागायचं. बकूला शेगडी नवी होती पण मोरी तुंबलेली. तुझ्या बहिणींबरोबर गेलो तेव्हा दोन शेगड्या होत्या, तिथे मी अठरा माणसांचं केलं. आणि पाचव्या वेळी गॅस संपला."

"आणि समुद्र?"

"समुद्र होता," रुकमिन म्हणाली. "खिडकीतून दिसायचा. भांडी घासताना."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, गजाधरने उलट उत्तर दिलं असतं. पण ती बसच्या वेळा सांगाव्यात तशी बोलली, आणि त्याने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. त्याने पाणी प्यायलं, उठला, आणि नव्या कोऱ्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: टोबॅगो.

आता आपल्याकडे टोबॅगोला जायचं म्हणजे काय असतं, हे गजाधरला माहीत नव्हतं असं नाही. आपण त्रिनिदादचे लोक बेटावर विश्रांतीला जातो तेव्हा पांघरुणं, पातेली, तांदळाची गोणी, तवा, लाटणं, दोन बर्फपेट्या आणि एखादी कामाला वाघ असलेली आत्या बरोबर नेतो. म्हणून तिकडे भाड्याने मिळणारं प्रत्येक घर स्वयंपाकघराच्या जोरावर भाड्याने जातं. पण शेगडी नसलेली खोली हवी असं आजवर कोणी म्हणालंच नव्हतं. गजाधरला हे पहिल्याच फोनला कळलं.

"चार बर्नर," बाई अभिमानाने म्हणाल्या. "ओव्हन. मोठं लोखंडी पातेलं. वर तुमच्या लोकांसाठी तवासुद्धा ठेवलाय."

"मला शेगडी नकोय."

"गॅसची नको? विजेची देते."

"कसलीच नको."

मग बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, घरी काही वाईट घडलंय का?"

असे एकवीस फोन झाले. फाइलमध्ये चौदा रकाने आखले होते: वाळू, लाटा, सावली, डास, बोटीपासूनचं अंतर, शेवाळ, वगैरे. शेवटचा रकाना शेगडीचा, आणि त्यात एकवीस वेळा 'आहे'. मोठी हॉटेलं शेगडीविना होती, पण ती ईस्टरसाठी कधीच भरून गेली होती.

समोरचा रामडीन मदतीला धावून आला. रामडीन टोबॅगोचा जाणकार मानला जातो, कारण तो एकदा तिथे आजारी पडून तीन आठवडे राहिला होता.

"अरे, स्टोअर बेला जा! डोळे मिटून जा! समोरच बायका खेकडे नि डंपलिंगचे गोळे विकतात. रांधायचं कारणच नाही."

"आणि तुझी मेव्हणी कुठे उतरणार आहे ईस्टरला?"

"स्टोअर बेला."

"माझ्या दोघी बहिणी?"

रामडीनने डोकं खाजवलं. "स्टोअर बेलाच असतील. सगळं त्रिनिदाद तिथेच असतं."

"मग? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या. रुकमिन, तुझ्या हातची चव नाही गं कुणाला, एवढं एक पातेलं टाकतेस का? आणि ही टाकणार!"

म्हणून पंधरावा रकाना आखला गेला: नातेवाइकांचा धोका. त्या रकान्यात दक्षिणेकडचे सगळे किनारे बाद झाले. कस्टारा गाव जरा लांब होतं, पण रामडीनच्या चुलत्याने तिथे लग्न केलं होतं. एक खाडी सुंदर होती, पण एप्रिलमध्ये तिथे कासवं अंडी घालतात, आणि संध्याकाळनंतर वाळूवर पाय ठेवायला परवाना लागतो. मिसेस अलेयन रोज कुंपणावरून नवी शंका टाकायच्या. "शेजारी, शेवाळाचं बघितलंत ना? वास नाकात बसतो." "शेजारी, वाळूतल्या चिलटांचं काय?" आणि एकदा म्हणाल्या, "शेजारी, ते सगळं सोडा. तुम्ही खाणार काय?"

"उपाहारगृहं असतात, मिसेस अलेयन."

"गुड फ्रायडेला?"

गजाधरने तुच्छतेने फाइल मिटली. असल्या प्रश्नांसाठी त्याच्याकडे रकाना नव्हता. गुड फ्रायडेला दुपारी बारा वाजता त्याच्यापुढे मासे, भात आणि डाळीचं ताट येतं, हे तो साठ वर्षं बघत आला होता, आधी आईकडे, मग रुकमिनकडे. जेवण बंद असलेला एकही दिवस त्याच्या आयुष्यात झाला नव्हता.

शेवटी बाविसाव्या फोनला यश आलं. बेटाच्या अगदी वरच्या टोकाला पेलिकन बे नावाचं गाव. चाळीस घरं, एक चर्च, मिस युफेमिया डंकन यांची टेकडीवरची खोली. खालीच वाळू, वर बदामाची झाडं. पंधरापैकी चौदा रकान्यांत एकही डाग नाही. फक्त शेगडी होती. मागच्याच वर्षी घेतलेली, काचेच्या झाकणाची.

"ती काढता येईल का?" गजाधरने विचारलं.

मिस युफेमिया दुखावल्या. "मिस्टर गजाधर, त्या शेगडीवर पास्टरसाहेबांनी प्रार्थना म्हटलीय."

गजाधरने सगळी हकीकत सांगितली. माइक, पासष्ट साक्षीदार, शब्द. पलीकडे मिस युफेमिया ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं?"

"तीस."

"काढते. पण लेखी द्या. उद्या गावात बोभाटा नको, की युफेमियाने पाहुण्यांना बिनशेगडीचं ठेवलं."

लेखी द्यायला गजाधर एका पायावर तयार. त्याने अर्ज लिहिला, तीन प्रती काढल्या, आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा त्याला शांत झोप लागली. जेवणाचीही सोय झाली. किनाऱ्यावर बर्टी नावाच्या माणसाचं छोटं उपाहारगृह होतं, त्याला फोन केला.

"रोज उघडं असतं?"

"रोज."

"न चुकता?"

"बावीस वर्षांत एक दिवस बंद नाही, साहेब."

गजाधरने ते वाक्य तारखेसह फाइलमध्ये लिहून घेतलं.

राहिली बोट. तिकिटाच्या खिडकीमागे जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक माणूस बसला होता. तो म्हणाला, "ईस्टरच्या फेऱ्या अजून मंजूर नाहीत."

"कधी होतील?"

"मागणी किती आहे ते कळल्यावर."

"मागणी कशावरून कळणार?"

"तिकिटं किती गेली त्यावरून."

गजाधर थक्क झाला. चौतीस वर्षांत असं गोल, कुठेही बोट शिरू न देणारं उत्तर त्याला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेला तर रुकमिनच्या ओळखपत्राची प्रत हवी होती. प्रत नेली तर ती दोन्ही बाजूंची हवी होती. मग फोटो. मग फोटो लहान. सातव्या खेपेला गजाधरचा आवाज चढला, "अहो, हा काय छळ लावलाय?"

चष्मेवाल्याने चष्मा काढला. "मिस्टर गजाधर, तुम्ही ओळखलं नाहीत मला. प्लॉट नंबर एकोणीस. आईच्या नावावरून माझ्या नावावर करायचा होता. सात खेपा घातल्या मी."

गजाधरला प्लॉट आठवला. फोटो लहान हवा, हेही त्यानेच सांगितलेलं आठवलं.

"आठव्याला काम झालं होतं ना?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"झालं होतं. म्हणून उद्या या."

आठव्या खेपेला दोन तिकिटं मिळाली, जायचं गुरुवारी, यायचं मंगळवारी. माणसाने काचेखालून ती अदबीने सरकवली आणि म्हणाला, "मिसेसना मजा करू द्या." एवढं सगळं होऊन तो माणूस वाईट नव्हता, आणि हेच गजाधरला जास्त लागलं.

निघायच्या दिवशी सकाळी गल्ली निरोपाला जमली. कोणी रिकाम्या हाताने आलं नव्हतं. रामडीनने कोळशाची शेगडी आणली होती, पोत्यात गुंडाळून. "नुसती असू दे. पेटवायला कोण सांगतंय?" मिसेस अलेयन यांनी तिखट मासळीचं पातेलं आणलं. गजाधरने सगळ्यांना एकेक करून हात जोडले. रांधलेलं न्यायचं म्हणजे पातेलं आलं, पातेलं आलं की गरम करणं आलं, आणि गरम करायला उभी कोण राहणार? तत्त्वाचा प्रश्न होता. मग त्याने सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यासारखी बॅग उघडून तपासली, आणि रुकमिनच्या फुलाफुलांच्या नव्या झग्याखाली छोटा तवा निघाला.

"हे काय?"

रुकमिन तव्याकडे बघत राहिली. "आईशप्पथ, मी नाही ठेवला," ती म्हणाली. "हातांनीच ठेवला असेल."

तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. गजाधरने तवा मिसेस अलेयनच्या हाती सोपवला. त्यांनी तो घेतला, पण नजर अशी टाकली की जणू तो बाईला वाळवंटात घेऊन निघाला होता.

बोटीवर सगळे खात होते. आपल्याकडच्या बोटीवर दुसरं करणार काय? धक्का सुटायच्या आत झाकणं उघडतात. शेजारच्या बाकावरच्या बाईने गजाधर दांपत्याच्या पायाखाली बघितलं, बाकाखाली बघितलं, मग रुकमिनच्या कानाशी लागून विचारलं, "बर्फपेटी हरवली का गं?" नाही म्हटल्यावर तिने आपल्या नवऱ्याला खुणावलं आणि दोघं जरा सरकून बसली. पुढे समुद्र खवळला. गजाधरची तब्येत बिघडली, टोपी उडाली आणि त्याने बोटीचा कठडा धरला तो स्कारबरोचा धक्का येईपर्यंत सोडला नाही. रुकमिन वरच्या डेकवर उभी राहून लाटा बघत होती. तिला काही झालं नाही.

पेलिकन बेला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मिस युफेमियांनी खोली लख्ख केली होती. शेगडीच्या जागी एक फुलदाणी होती, आणि शेगडी त्यांच्या स्वतःच्या ओसरीवर, काचेच्या झाकणावर लेसचा रुमाल घालून बसवली होती. गजाधरने रुकमिनला खोली दाखवली. तिने चारी कोपरे बघितले. मग खिडकीपाशी गेली. खिडकीखाली मोरी नव्हती, थेट समुद्र होता.

"खरंच नाहीये," ती म्हणाली. एवढंच. पण गजाधरला वाटलं, पासष्टच्या पासष्ट लोकांना इथे आणून उभं करावं.

गजाधरने स्कारबरोला घेतलेली नवी गवती टोपी चढवली आणि दोघं खाली बर्टीकडे गेली. दाराला कुलूप होतं. वर पाटी: शनिवारी भेटू.

मिस युफेमियांनी सांगितलं, "पवित्र गुरुवारी दुपारनंतर बंद. उद्याही."

"तो म्हणाला होता, बावीस वर्षांत एक दिवस बंद नाही!"

"नाहीच आहे," मिस युफेमिया आश्चर्याने म्हणाल्या. "गुड फ्रायडे कोणी धरतं का त्यात?"

त्या रात्री दोघांनी बिस्किटं खाल्ली. सकाळी मिस युफेमियांनी क्रॉस काढलेले दोन गोड पाव आणि चहा दिला, आणि सगळं गाव चर्चला गेलं. तीन वाजेपर्यंत प्रार्थना. रुकमिन नवा झगा घालून वाळूवर उतरली, तर चर्चकडे पळणाऱ्या पोरी ओरडल्या, "बाई, आज पाण्यात पाय घालू नका! गुड फ्रायडेला समुद्रात गेलं की मासा होतो माणूस!"

हे रुकमिनलाही माहीत होतं, गजाधरलाही. प्रत्येक त्रिनिदादवासीयाला माहीत असतं. चार महिने, पंधरा रकाने, आणि पहिला दिवस अशा वारी धरला होता ज्या दिवशी समुद्राला हात लावायचा नसतो. रुकमिनने खुर्ची वाळूत रोवली आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर पाय ठेवून बसली.

गजाधर म्हणाला, "मी जरा दुकानाचं बघतो."

दुकान बंदच होतं. उघडेल या आशेने तो बाकावर बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बोबोली बसवला होता. गुड फ्रायडेला आपल्याकडे जुन्या कपड्यांत गवत भरून जुडासचा पुतळा करतात, त्याला नाक्यावर बसवतात आणि येताजाता सगळे काठीने बडवतात, तोच हा. त्याला कोणी जुना कोट आणि गवती टोपी घातली होती. गजाधरनेही कोट घातला होता, कारण हेडक्लार्क माणूस सुट्टीतही कोटाशिवाय बाहेर पडत नाही. टोपी होतीच. पोटात कावळे ओरडत होते, ऊन चढत होतं, त्याची मान छातीवर आली.

पहिली काठी खांद्यावर बसली.

"हा जास्त चांगला भरलाय!" कोणीतरी म्हणालं. दुसरी काठी पोटरीवर बसली, आणि गजाधर "अगं आई गं!" म्हणून उभा राहिला. पुढचं दृश्य पेलिकन बेमध्ये अजून सांगतात म्हणे. जुडास जिवंत झाला म्हणून ओरडत आठ-दहा पोरं थेट चर्चमध्ये घुसली आणि प्रार्थना थांबली. पास्टरसाहेब, मिस युफेमिया आणि चाळीस घरांमधले लोक पायऱ्यांवर येऊन बघतात तर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा खांदा चोळत उभा, आणि म्हणतोय, "मी निवृत्त हेडक्लार्क आहे!"

तो लंगडत किनाऱ्यावर परतला तेव्हा रुकमिनने खांद्यावरची सूज बघितली. तिला हसू आवरेना. मग उठली आणि म्हणाली, "पुरे झालं, केल्विन. मिस युफेमियाच्या ओसरीवर शेगडी आहे. अर्ध्या तासात चार घास करते. भुकेने मरशील."

"नाही."

"अरे, कोण बघतंय?"

"मी बघतोय," गजाधर म्हणाला. "पाच वेळा तू भांडी घासताना समुद्र बघितलास. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. तू बस. तिकडे तोंड करून बस."

रुकमिन त्याच्याकडे बघत राहिली, आणि बसली.

बदामाखाली होडी डांबरत बसलेला डेल्फन नावाचा म्हातारा कोळी चर्चला जात नसे, त्यामुळे त्याने हे सगळं ऐकलं. त्याने काही न विचारता कालच्या माशाचा मोठा तुकडा, सुरण, चार कच्ची केळी, एक जुनं पातेलं आणि वाटीभर पीठ आणून दिलं. मीठ मात्र त्याच्याकडे चिमूटभरच होतं. गजाधरने तीन दगड मांडले. साठ वर्षांचा माणूस, पण दगड कुठले घ्यायचे हेही त्याला माहीत नव्हतं.

"लाकूड ओलं आहे का?" रुकमिनने समुद्राकडे बघत विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"धूर नाकात आला. बदामाची वाळलेली पानं घाल आधी."

पानं घातली. भपकन पेटलं आणि मिशीचं उजवं टोक गेलं.

"कांदा घातलास का?"

"कांदा नाहीये."

"मग सुरण आधी, मासा नंतर. मासा आधी घातलास ना?"

गजाधरने पातेल्यात डोकावलं.

"काढ बाहेर," रुकमिन म्हणाली. तिने एकदाही मान वळवली नाही. पिठाचे गोळे हाताला चिकटले, मग कोटाला, मग टोपीला. डावा दगड डगमगत होता, पातेलं एकदा कलंडलं आणि अर्धा रस्सा वाळूत गेला. गजाधरने डोळे पुसले. धुराचं पाणी होतं, आणि थोडं धुराचं नव्हतं.

तीन वाजता चर्च सुटलं आणि गाव किनाऱ्यावर आलं. मिस युफेमियांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मिस्टर गजाधर, सरका तुम्ही! आम्ही चार बायका आहोत की!" चौघीजणी बाह्या सावरून पुढेसुद्धा झाल्या.

"कोणी हात लावायचा नाही," रुकमिन म्हणाली. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. चौघी जागच्या जागी थांबल्या.

गजाधरने ताटलीत रस्सा वाढला. गोळे दगडासारखे झाले होते आणि सुरण विरघळून गेलं होतं. तो तिच्या समोर उभा राहिला, हातात पळी, एक मिशी जळलेली. तिने पहिला घास घेतला. ती सावकाश चावत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. इतकी वाट त्याने पेन्शनच्या पत्राचीही बघितली नव्हती. तीस वर्षं, दिवसातून तीन वेळा, कोणीतरी असंच पळी धरून आपल्या तोंडाकडे बघत उभं असायचं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या समजलं. आणि दर वेळी आपण काय म्हणायचो तेही आठवलं.

रुकमिनने घास गिळला. समुद्राकडे बघितलं.

"मीठ जरा कमी वाटतंय," ती म्हणाली.

गजाधर टेकडी चढून मिस युफेमियांच्या घरी मीठ आणायला गेला. परत आला तेव्हा ताटली रिकामी होती आणि तिने ती पुढे धरली होती.

"वाढ," ती म्हणाली.

शनिवारी बर्टीचं उपाहारगृह उघडलं. रुकमिनने पदार्थांचा फळा वाचला, आणि म्हणाली की कालचा रस्सा बरा होता. त्यामुळे उरलेले दिवस गजाधर तीन दगडांपाशी होता आणि रुकमिन पाण्यात. बोटं सुरकुतेपर्यंत पाण्यात. मिस युफेमिया ओसरीवरून येऊन त्याला कांदा कसा चिरायचा ते दाखवून जात.

मंगळवारी गल्लीत परतले तेव्हा सगळे जमले. रुकमिन कुंपणाला टेकून मिसेस अलेयनना समुद्राचं सांगत होती. सकाळी पाणी कसं हिरवं असतं, दहाच्या सुमारास निळं कसं होतं, पेलिकन पक्षी कसा दगडासारखा पडतो आणि तोंडात मासा घेऊनच वर येतो. अर्धा तास झाला तरी संपेना.

रामडीनने गजाधरला बाजूला घेतलं. "आणि तू? समुद्र कसा वाटला?"

गजाधरने जळक्या मिशीवरून बोट फिरवलं.

"डावा दगड हलत होता," तो म्हणाला. "आणि वारा फिरला की सगळा धूर डोळ्यांत."